दोन अमावास्यांमधला बैल

मी मूळची वर्धेकडची. नोकरीचा आदेश पुणे जिल्ह्यातल्या आंबेगाव तालुक्यात निघाला, तेव्हा आमच्या घरी सगळ्यांना वाटलं की मी रोज पुणे शहरात हिंडणार. प्रत्यक्षात शाळा मिळाली ती शिनोलीच्या पुढे, भीमाशंकरच्या रस्त्यावरून आत वळल्यावर. दोन खोल्या, चार इयत्ता आणि दोन शिक्षक. एक मी, आणि दुसरे मुख्याध्यापक. ते अवसरी बुद्रुकचे, निवृत्तीला आलेले. गावात त्यांना लहानथोर सगळे गुरुजी म्हणायचे, म्हणून मीही गुरुजीच म्हणायला लागले. मी घोडेगावात खोली घेतली होती. गुरुजी सकाळी मोटारसायकलवरून यायचे आणि मला चौकातून उचलायचे.

पहिल्याच दिवशी मी वर्गात म्हटलं, "चूप बसा न बापा." सगळी पोरं चूप बसली आणि मग एकदम हसत सुटली. दुसऱ्या दिवसापासून शाळेत जो तो दुसऱ्याला "बापा" म्हणू लागला. घंटा वाजवणारा चौथीतला मुलगासुद्धा "घंटा झाली बापा" असं ओरडायचा. गुरुजी म्हणाले, "मॅडम, तुम्ही यांना प्रमाण मराठी शिकवायला आलात, का यांची आणखी बिघडवायला?" पण हे त्यांनी हसून म्हटलं.

श्रावण सरत आला तशी मला घरची आठवण यायला लागली. आमच्याकडे श्रावणातल्या अमावास्येला पोळा, आणि दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा. तान्हा पोळा खास मुलांचा. चाकं लावलेले लाकडी बैल घेऊन मुलं घरोघर जातात आणि बोजारा, म्हणजे खाऊ नाहीतर खुर्दा, मागतात. इथे लाकडी बैल कुठून आणणार? मग ठरवलं की निदान बैलाचं चित्र तरी रंगवून घेऊ. मुलांना रंगवायला आवडतंच, आणि पहिली ते चौथी एकाच खोलीत बसवली की सगळ्यांना एकाच वेळी गुंतवून ठेवेल असं रंगवण्यासारखं दुसरं काही नसतं.

घोडेगावातल्या झेरॉक्सवाल्या चाचांकडे गेले. त्यांनी कॉम्प्युटरवर बैल शोधला, तर आधी सगळे परदेशी बैल निघाले. नाकातून वाफा सोडणारे, मान खाली घालून धावून येणारे. चाचा एकेक बघून मान हलवत होते. "हा तर पोरांना स्वप्नात येईल, मॅडम." बऱ्याच वेळानं एक सापडला. गळ्यात माळा, शिंगांना गोंडे, पाठीवर वशिंड आणि चेहरा एकदम सोज्वळ. चाचा म्हणाले, "हा शांत आहे, घ्या." मीही घेतला. वर्गातल्या सगळ्यांना पुरतील एवढ्या प्रती काढल्या. चाचांनी एवढंच विचारलं, "आत्ताच लागतात का?" मी म्हटलं, "हो, उद्याच." त्यांनी माझ्याकडे जरा वेळ पाहिलं आणि प्रती पिशवीत घालून दिल्या.

अमावास्येच्या दिवशी मी पहाटे उठून पुरणपोळ्या केल्या. एक डबा माझा, एक गुरुजींचा. चौकात त्यांच्या हातात डबा दिला आणि म्हटलं, "गुरुजी, पोळ्याच्या." त्यांनी डब्याला नाक लावलं, वास घेतला, गाडीच्या डिकीत अगदी जपून ठेवला आणि गाडीला किक मारली.

पहिल्याच तासाला मी चित्रं वाटली, रंगखडूंचे डबे मध्ये ठेवले आणि फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं, "आज पोळा." मुलं फळ्याकडे बघत राहिली, मग चित्रांकडे, मग एकमेकांकडे. कुणीच खडू उचलेना.

"काय झालं?"

तिसरीतली एक मुलगी उभी राहिली. पुढचे दोन दात पडलेले, त्यामुळे बोलताना शब्दांतून वारा जायचा, पण बोलायला कधी घाबरायची नाही. "बाई, आज पोळा न्हाई."

"अगं, आज अमावास्या आहे. कॅलेंडर बघ."

"आवस हाय. पन आमचा पोळा पुढल्या आवसंला. गणपती झाल्यावर."

मला वाटलं पोरं माझी फिरकी घेतायत. बाकीच्यांना विचारलं तर सगळ्यांनी माना डोलावल्या. "व्हय बाई, भादव्यात." मी तशीच शेजारच्या खोलीत गेले. गुरुजी टेबलापाशी बसले होते. समोर माझा डबा उघडा, आणि त्यांची दुसरी पोळी अर्ध्यावर आलेली.

"गुरुजी, आज पोळा नाही?"

त्यांनी घास गिळला. "आपल्या भागात भाद्रपदी पोळा असतो मॅडम. जुन्नर, आंबेगाव, खेड, सगळीकडं."

"मग सकाळी डबा दिला तेव्हा का नाही सांगितलं?"

"सकाळी सांगितलं असतं तर तुम्ही डबा परत नेला असता," गुरुजी शांतपणे म्हणाले, आणि उरलेली अर्धी पोळी तुपात बुडवली.

मला हसावं की रडावं कळेना. परत वर्गात आले आणि फळ्यावरचं "आज" पुसून टाकलं. म्हटलं, "ठीक आहे. पोळा नसला तरी बैल रंगवायला काय हरकत आहे?"

याला कुणाची हरकत नव्हती. खडूंवर हात पडले. पण दातपडकी अजून उभीच होती. ती चित्र डोळ्यांजवळ नेऊन बघत होती.

"आता काय?"

"बाई, ह्या बैलाला कास हाय."

मी तिच्या हातातलं चित्र घेतलं. मी शेतकऱ्याची मुलगी. आमच्या गोठ्यात कायम चार-पाच जनावरं असायची. पण चाचांच्या कॉम्प्युटरवर मी फक्त माळा आणि गोंडेच बघितले होते. खाली मागच्या पायांच्या मध्ये व्यवस्थित, गोल, भरलेली कास होती. चित्र काढणाऱ्यानं तिच्यावर जीव लावून काम केलं होतं.

पहिलीतला एकजण हसायला लागला आणि मग सगळी खोली. "बाईंचा बैल दूध देतो बापा!" आवाज ऐकून गुरुजी हात पुसत आले. त्यांनी चष्मा लावला, चित्र उजेडात धरलं, आणि फार गंभीरपणे म्हणाले, "गाय आहे."

"पण हिच्या शिंगांना गोंडे आहेत," मी म्हटलं. "आणि वशिंड केवढं आहे बघा."

"मग अर्धी गाय आहे."

मी म्हटलं, हे असू दे, उद्या दुसरं चित्र आणते. पण मुलांना आता हेच चित्र हवं होतं. इतकं गमतीचं चित्र त्यांना आजवर मिळालं नव्हतं. चौथीतल्या घंटेवाल्यानं तोडगा काढला. "बाई, झूल घालू. लांब. कासच दिसनार न्हाई." झूल म्हणजे पोळ्याला बैलाच्या पाठीवर टाकतात ते नक्षीचं कापड. सगळ्यांना हे पटलं. त्या दिवशी प्रत्येक बैलाच्या अंगावर गुडघ्यापर्यंत झूल आली. कुणाची लाल, कुणाची पिवळी, एकाची तर खुरांपर्यंत, त्यामुळे तो बैल मॅक्सी घातलेल्या बाईसारखा दिसत होता. दातपडकी मात्र ऐकेना. "मी खोटं करनार न्हाई," असं म्हणून तिनं झूल काढलीच नाही, उलट कासेखाली एक वासरू काढलं आणि त्याला दूध प्यायला लावलं. शिंगांचे गोंडे तसेच राहू दिले. म्हणाली, "हिचा लगीनसमारंभ हाय."

गुरुजींनी ठरवलं की आत्ता फक्त झूल रंगवून ठेवायची, बाकीचं सगळं खऱ्या पोळ्याला. अर्धवट बैल कपाटात गेले.

मधल्या महिन्यात गणपती आले. उंदीर रंगवला, मोदक रंगवले, आणि दुर्वांमुळे सगळ्या डब्यांतला हिरवा खडू संपून गेला. भाद्रपद सरत आला आणि मी कपाटातून बैल बाहेर काढले. तेवढ्या दिवसांत माझ्या डोक्यात नवीन कल्पना आली होती. नुसता खडू काय फिरवायचा? बैलाच्या माळा धान्यानं करू. मुलांना सांगितलं, घरून मूठभर कुठलंही धान्य आणा. बाजरी आली, तांदूळ आले, हुलगे, उडीद, मसूर आले. शाळेत खिचडी शिजवणाऱ्या मावशींनी चिकटवायला कणकेची खळ करून दिली. वास छान येत होता. विचारलं तर म्हणाल्या, "गूळ घातलाय जरा. गुळानं लई घट्ट बसतं."

आणि खरंच घट्ट बसलं. बाजरीच्या घुंगुरमाळा, उडदाचे डोळे, मसुरीचे गोंडे. इतकी सुंदर चित्रं झाली की गुरुजी म्हणाले, "मॅडम, ही कपाटात ठेवायची नाहीत. पोळ्याच्या आदल्या दिवशी प्रदर्शन करू, गावाला बोलवू."

प्रदर्शनाची बातमी घरोघर गेली, आणि दातपडकीचे आजोबा शाळेत आले. उंच, ताठ माणूस, डोक्याला पांढरी टोपी. त्यांचा पांढराशुभ्र खिल्लार बैल एकेकाळी घाटात पळायचा, म्हणजे बैलगाडा शर्यतीत. आसपासच्या गावांत त्यानं नाव काढलं होतं. आता वय झाल्यामुळे त्याला गाड्याला जुंपत नव्हते, पण खुराक शर्यतीच्या दिवसांसारखाच. अंडी, दूध, भिजवलेला उडीद. आजोबा त्याच्याबद्दल बोलायचे ते घरातल्या मोठ्या माणसाबद्दल बोलावं तसं. "त्याला ऊन सोसत न्हाई." "त्याला आवाज मोठा केलेला चालत न्हाई."

"बाई," ते मला म्हणाले, "नातीनं सांगितलं, शाळंत बैलांची चित्रं लावनार. म्हनलं, पोरांनी खरा बैल बी बघावा. घिऊन येतो. फकस्त हात कुनी लावायचा न्हाई. त्याला म्या सोडून कुनी रंगवत न्हाई."

मला केवढा आनंद झाला! प्रदर्शनाला चित्रं आणि शेजारी खरा बैल. मी गुरुजींच्या घरून कपडे वाळत घालायचे लाकडी चिमटे मागवले, व्हरांड्यात या खांबापासून त्या खांबापर्यंत दोरी बांधली आणि सगळे बैल ओळीनं लटकवले. वारा आला की बैल हलायचे आणि झुली फडफडल्यासारख्या वाटायच्या.

दुपारी गाव जमलं. आया पोरं कडेवर घेऊन आल्या, बापे मोटारसायकली लावून आले. मागून आजोबा बैल घेऊन आले. बैल खरोखर देखणा होता. पोरं आपोआप बाजूला झाली. आजोबांनी त्याला व्हरांड्याच्या कडेला सावलीत उभं केलं, कारण त्याला ऊन सोसत नव्हतं. सावली नेमकी दोरीखाली होती.

गुरुजी भाषणाला उभे राहिले. गुरुजींना भाषण आवडायचं. "बंधू आणि भगिनींनो, बैल हा आपल्या घरचाच..." एवढं बोलतात तोच टर्रकन आवाज झाला.

मी वळून पाहिलं. बैलाच्या तोंडात पहिलीतल्या एका मुलाचं चित्र होतं. झुलीचा अर्धा भाग बाहेर लोंबत होता, बाकीचा आत गेला होता. बैल डोळे अर्धवट मिटून चावत होता. मग त्यानं मान लांब केली आणि दुसरं ओढलं. गुळाची खळ, बाजरी, उडीद. त्याच्या रोजच्या खुराकातली अंडी आणि दूध तेवढं यात नव्हतं.

"अवं, धरा त्याला!" कुणीतरी ओरडलं. पण धरणार कोण? हात लावायचा नाही असं आजोबांनीच बजावलं होतं, आणि आजोबा स्वतः तिकडे चहाची बशी तोंडाला लावून उभे होते. ते पळत येईपर्यंत बैलानं दोरीची जवळजवळ एक बाजू साफ केली होती. पोरं तर आनंदानं वेडी झाली होती. "बाई, माझा खाल्ला! बाई, माझा खाल्ला!" असं ओरडत उड्या मारत होती. गुरुजी अजून "बंधू आणि भगिनींनो" म्हणत हात वर करून उभे होते.

आजोबांनी कासरा ओढून बैल मागे घेतला. त्यांचा चेहरा उतरला होता. मला वाटलं आता ते चित्रांबद्दल माफी मागतील. त्यांनी मला विचारलं, "बाई, रंग कसला हाय त्यो? ईख-बीख न्हाई ना त्यात?"

"नाही हो आजोबा, मुलांचे खडू आहेत."

"डबीवर काय लिवलंय? वाचा."

मी रंगखडूंचा डबा आणला आणि सगळ्या गावासमोर त्यावरची बारीक अक्षरं मोठ्यानं वाचली. बिनविषारी आहे असं लिहिलं होतं. "आणि काय लिवलंय?" मी पुढे वाचलं, तीन वर्षांखालच्या मुलांना देऊ नये. आजोबा विचारात पडले. "ह्यो चवदाचा हाय," ते शेवटी म्हणाले, पण समाधान झालं नव्हतं. त्यांनी फोन काढला आणि जनावरांच्या डॉक्टरांना लावला. ऐकायला कमी येत असल्यामुळे स्पीकर लावला, त्यामुळे आम्हा सगळ्यांना ऐकू आलं.

"डॉक्टर, बैलानं बैल खाल्लं."

"काय खाल्लं?"

"बैल. कागदाचं. धा-बारा असतील."

मग डॉक्टरांनी विचारलं, "टाचण्या, पिना काही होत्या का?"

आजोबांनी माझ्याकडे पाहिलं. मी जमिनीवर पडलेले चिमटे गोळा केले. गुरुजींनी ते आणि दोरीवरचे स्वतः मोजले आणि मान डोलावली. एकही कमी नव्हता.

"मग काही होत नाही बाबा," डॉक्टर म्हणाले. "मागं एका म्हशीनं अख्खं पंचांग खाल्लं होतं. काही झालं नाही तिला. पाणी पाजा भरपूर." आणि फोन ठेवता ठेवता त्यांना हसू आवरेना, तेही आम्हाला ऐकू आलं.

आजोबांच्या जिवात जीव आला. मीही सुटकेचा निःश्वास टाकला. पण खरी रडारड आता सुरू झाली. ज्यांची चित्रं बैलानं खाल्ली ती मुलं छाती काढून हिंडत होती, आणि ज्यांची दोरीवर तशीच राहिली होती ती हुंदके देत होती. घंटेवाला एवढा चौथीतला, तोही डोळे पुसत म्हणाला, "बाई, माझा का न्हाई खाल्ला? म्या किती बाजरी लावली व्हती!"

सगळ्यात वाईट अवस्था दातपडकीची होती. घरचा बैल, आणि तिच्याच चित्राला त्यानं तोंड लावलं नव्हतं. तिनं चित्र दोरीवरून काढलं, बैलासमोर नेलं आणि त्याच्या तोंडाजवळ धरलं. "खा की." बैलानं हुंगलं आणि मान फिरवली. तिनं दुसऱ्या बाजूनं धरलं. त्यानं तिकडूनही फिरवली. ती रडायला लागली.

"अगं, गाईला कसा खाईल त्यो?" आजोबा तिला समजावत म्हणाले. "वासरू बी पितंय तिचं. त्याला कळतंय."

यावर ती आणखी मोठ्यानं रडली. त्यात बाकीच्यांनी सूर धरला. आया पोरांना गप्प करताना स्वतःच हसत होत्या. आजोबा इकडेतिकडे बघायला लागले. त्याला मोठा आवाज चालत नाही, असं ते दोनदा म्हणाले, पण कुणी ऐकलं नाही. शेवटी ते ओरडले, "बरं बरं! उद्या सकाळी गोठ्यावं या. ज्याचं चित्र खाल्लं न्हाई त्यानं बैलाच्या अंगावं एकेक हात मारायचा. गेरू मी देतो."

रडणं क्षणात थांबलं. पण लगेच दुसऱ्या बाजूनं सुरू झालं. "मग आमी? आमचं तर खाल्लं पन आन हात बी न्हाई?"

आजोबांनी टोपी काढली, कपाळ पुसलं. "या. समदीच या."

दुसऱ्या दिवशी पोळ्याची सुट्टी होती, तरी सकाळी सगळी शाळा आजोबांच्या गोठ्यासमोर हजर होती. गुरुजी मला घेऊन गेले. आम्ही पोचलो तेव्हा मुलं घोळका करून खाली वाकून काहीतरी बघत होती. जवळ गेले तर शेण. घंटेवाल्याच्या हातात काटकी होती.

"काय करताय रे?"

"रंग उतरला का बघतोय, बाई."

"मग?"

"हिरवंच हाय," तो निराश होऊन म्हणाला. "हिरवा तर आपल्याकडं संपला व्हता."

आजोबांनी परातीत गेरू कालवला. बैलाला धुऊन पुसून, शिंगांना हिंगूळ लावून तयार ठेवलं होतं. आधी ते प्रत्येक मुलाचा हात स्वतः धरून बैलाच्या अंगावर टेकवत होते, पण चार-पाच हातांनंतर त्यांनी सोडून दिलं आणि बाजूला उभं राहून नुसतं "हळू, हळू" म्हणत राहिले. बैल निवांत उभा होता. पांढऱ्या अंगावर एवढे तांबडे छोटे हात उमटले. पहिलीतल्यांचे पोटावर, चौथीतल्यांचे पाठीवर. दातपडकीला आजोबांनी उचललं आणि तिनं वशिंडावर हात मारला. ती खाली उतरली आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "बाई, तुमी?"

मी आजोबांकडे पाहिलं. ते म्हणाले, "मारा की. चित्र तुमीच आनलं व्हतं ना?"

मी परातीत हात बुडवला. गेरू थंडगार होता. बैलाचं अंग मात्र गरम, आणि हाताखाली कातडी एकदा थरथरली. माझा हात एवढ्या हातांमध्ये भलताच मोठा दिसत होता.

संध्याकाळी वाजतगाजत बैल वेशीकडे निघाले. गावात आता जोड्या थोड्याच उरल्यात, पण लोक पुष्कळ होते. आजोबांच्या बैलाला जो तो थांबवून विचारत होता, "ह्यो कुनी रंगवला राव?" आजोबा मिशीवरून हात फिरवत म्हणायचे, "शाळंनं." आणि मागून येणारी सगळी शाळा आपापला हात बोटानं दाखवत "ह्यो माझा, ह्यो माझा" म्हणून ओरडायची.

अंधार पडायच्या आत आम्ही निघालो. शिनोली मागे पडल्यावर गुरुजींनी गाडी चालवता चालवता मान जरा मागे करून विचारलं, "मॅडम, नाताळच्या सुट्टीआधी काय रंगवायचं ठरवलंय?"

"सांताक्लॉज," मी म्हटलं. "दाढीला खरा कापूस चिकटवू."

गुरुजींनी गाडीचा वेग कमी केला. "कापूस नको," ते म्हणाले. "खालच्या आळीत शेळ्या लई आहेत."